जिथं रुबार्ब, तिथं घर

नवऱ्याच्या आडनावाचं गाव शोधायला सासरची सगळी वरात नॉर्वेला निघाली. गाव सापडलं, पण कहाणीनं मध्येच असा काही यू-टर्न घेतला की बस्स!

लग्नानंतरचा माझा पहिला डिसेंबर. मिनियापोलिसमध्ये बाहेर उणे अठरा तापमान आणि सासूबाईंच्या किचनमध्ये मात्र तोबा गर्दी. ओट्यावर उकडून बारीक केलेल्या बटाट्यांचा ढीग, शेजारी परातीएवढा इलेक्ट्रिक तवा, एक लांबलचक लाकडी पट्टी आणि एक लाटणं. लाटणंसुद्धा कसं, तर अंगभर खाचाच खाचा!

'ही लेफ्से,' नवरोबानं माहिती पुरवली. 'नॉर्वेजियन लोकांची पोळी. नाताळच्या आधी सगळे जमून करतो. टेन्शन घेऊ नकोस, पहिल्यांदा कुणालाच जमत नाही.'

आता मी डोंबिवलीची. दहावीच्या सुट्टीपासून घरातल्या पोळ्या माझ्याकडे. मी काही न बोलता पदर खोचला (म्हणजे होते जीन्समध्येच, पण भावना तीच) आणि लाटणं हातात घेतलं. पहिली लेफ्से फाटली. बटाट्याचं पीठ, ते पुरणपोळीसारखं हलक्या हातानं लाटायचं असतं हे तेव्हा कळलं. दुसरी बरी झाली. तिसरी पट्टीवर घेऊन तव्यावर उलगडली, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आजेसासूबाईंनी, वय वर्षं नव्वद, मान पुढे केली. भाजलेली लेफ्से उजेडासमोर धरून निरखली आणि म्हणाल्या, 'नॉट बॅड.'

किचनमध्ये एकदम शांतता. मिनेसोटातल्या नॉर्वेजियन घरात 'नॉट बॅड' म्हणजे काय, हे मला नंतर समजलं. आपल्याकडे सासूनं सुनेला पैठणी द्यावी, तसं काहीसं!

पुढे त्यांच्याकडून एक गुपितही कळलं. आजेसासूबाई स्वतः मुळात नॉर्वेजियन नव्हत्याच. त्यांचं माहेर स्वीडिश. लेफ्से त्या लग्नानंतर सासूकडून शिकल्या होत्या. म्हणजे या घरात लाटणं लेकींकडून नाही, सुनांकडून चालत आलेलं. २०२१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा ते लाटणं माझ्याकडे आलं. त्यांच्या परसातला रुबार्ब सासऱ्यांनी आपल्या घरामागे आणून लावला. आणि जुनी लाकडी पेटी सासऱ्यांच्या हॉलमध्ये आली.

पेटीवरचं नाव

पेटीची गोष्ट सांगायलाच हवी. निळ्या रंगाची, लोखंडी पट्ट्या ठोकलेली, दोन माणसांनी उचलावी एवढी. झाकणावर सासऱ्यांच्या पणजोबांचं नाव, त्याखाली आणखी एक नाव आणि सन १८८२. हे दुसरं नाव म्हणजेच आता माझं सासरचं आडनाव. ते नॉर्वेतल्या एका शेताचं नाव आहे. मी इथे ते मुद्दाम लिहीत नाही. त्या शेतावर आजही एक कुटुंब राहतं आणि हा लेख वाचून कुणी त्यांच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहायला नको.

नॉर्वेजियन आडनावांचा फंडा आपल्याला पटकन कळतो. जुन्या काळी तिथं माणसाचं नाव, मग वडिलांचं नाव (अमक्याचा मुलगा म्हणून 'सेन', मुलगी म्हणून 'दातर') आणि शेवटी तो राहतो त्या शेताचं नाव. म्हणजे आपल्या 'कर'सारखंच. फरक इतकाच, की शेत बदललं तर नावही बदलायचं! कायमचं आडनाव घेण्याची सक्ती करणारा कायदा नॉर्वेत आला तो १९२३ मध्ये. त्याआधीच अमेरिकेला गेलेल्यांनी तिकडे पोचल्यावर काही जणांनी वडिलांचं नाव, तर काही जणांनी शेताचं नाव आडनाव म्हणून लावलं. आमच्या पणजोबांनी शेताचं लावलं.

झालं! चार पिढ्या घरात एकच समज. आपण त्या शेताचे मालक. मोठी जमीन होती, धाकट्या भावाला वाटा मिळाला नाही म्हणून पणजोबा अमेरिकेला आले. सासरेबुवांनी रिटायरमेंटनंतर लाकडावर ते नाव कोरलं, पुढे 'गार्ड' म्हणजे 'शेतवाडी' असा शब्द जोडला आणि पाटी दारावर लावली. आल्यागेल्याला ती दाखवायची, हा त्यांचा छंद.

२०२५ मध्ये ते सत्तर वर्षांचे झाले. त्याच वर्षी नॉर्वेतून अमेरिकेला झालेल्या संघटित स्थलांतराला दोनशे वर्षं पूर्ण होत होती. ४ जुलै १८२५ रोजी 'रेस्तोरासिओन' नावाची चिमुकली नौका ५२ माणसांना घेऊन स्तवांगर बंदरातून निघाली आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचली ५३ जणांसह. वाटेत एक बाळ जन्मलं होतं! तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन तिकडे गेले. सासरे म्हणाले, 'या वर्षी नाही तर कधीच नाही.' मग काय, सासू, सासरे, नवरा आणि मी. मेमध्ये बर्गेनची तिकिटं बुक!

सफरचंदांचा फ्योर्ड

बर्गेनहून गाडीनं अडीच-तीन तासांत आपण हार्डांगर भागात पोचतो. १७९ किलोमीटर लांबीचा हार्डांगर फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या आत घुसलेला समुद्र. रस्ता एका बाजूनं कड्याला चिकटलेला, दुसऱ्या बाजूला हिरवंकाळं पाणी. नोरहाइमसुंडजवळ स्टाइन्सडाल्सफॉसेन नावाच्या धबधब्याच्या चक्क मागून चालत जाता येतं. एक मिनिट वाटलं, माळशेज घाटात आलो. मग थंडी वाजली आणि भ्रम गेला.

पण खरी कमाल पुढे. उल्लेन्सवांग आणि लोफ्टहूसच्या परिसरात, सोरफ्योर्ड या फाट्याच्या काठाकाठानं, सगळे उतार पांढरेशुभ्र. सफरचंदाचा मोहोर! वर फोल्गेफोन्ना हिमनदीचा बर्फ, खाली पांढरी झाडं आणि मध्ये निळंशार पाणी. ही जागा साठाव्या अक्षांशावर आहे, म्हणजे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाइतकी उत्तरेला. तरी इथं फळं पिकतात. अटलांटिकमधला उबदार प्रवाह हिवाळा सौम्य ठेवतो, फ्योर्डचं खोल पाणी ऊब धरून ठेवतं, डोंगर वारा अडवतात आणि उन्हाळ्यात दिवस मावळता मावळत नाही. तेराव्या शतकात लिसे मठाच्या मुनींनी इथं फळबागा आणल्या असं मानतात. लोफ्टहूसच्या डोंगरात 'मुनींच्या पायऱ्या' आजही आहेत. मोजून ६१६! मी निम्म्यात बसकण मारली. सासरेबुवा वरपर्यंत गेले. त्यांना कुठूनतरी वरून 'आपलं' शेत दिसेल अशी आशा होती.

क्रोताकाके आणि जाड पुस्तक

नवऱ्यानं आधीच ई-मेल करून ठेवली होती. शेताच्या मालकीणबाईंनी दोन ओळींत उत्तर दिलं होतं : 'या. कॉफी तयार असेल.'

बाई साठीच्या. हाताला बागेची माती, पायात रबरी बूट. घर पांढरं, दोनशे वर्षांचं, मागे सफरचंदाच्या रांगाच रांगा. सासऱ्यांनी दारातच त्यांचा हात हातात घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, 'आम्ही परत आलो.' बाई जराशा गोंधळल्या, हसल्या आणि आम्हाला किचनमध्ये घेऊन गेल्या.

टेबलावर काय नव्हतं! ब्रूनोस्त, म्हणजे तपकिरी चीज. ताकासारखं पाणी, चीज काढल्यावर उरलेलं, तासन्‌तास आटवायचं, त्यातली साखर करपून तांबूस होईपर्यंत. चव सांगू? साताऱ्याच्या कंदी पेढ्यात कुणीतरी मीठ घातलंय. मग रोमेग्रोट, म्हणजे आंबट सायीची लापशी, वर वितळलेलं लोणी, साखर आणि दालचिनी. सफरचंदाचा केक. आणि मधोमध, ओल्या पंचाखाली झाकलेली, नक्षीदार चवड.

'क्रोताकाके,' बाई म्हणाल्या. 'इथली लेफ्से.'

सासऱ्यांनी एक उचलली, उलटीपालटी केली. 'पण यात बटाटा नाही!'

'बटाटा कशाला?' बाईंनी विचारलं.

दोन मिनिटं दोन देशांत शीतयुद्ध. मग उलगडा झाला. बटाट्याची लेफ्से नॉर्वेतही करतात, पण हार्डांगरची ही खासियत निराळी. पिठाची पातळ पोळी खाचांच्या लाटण्यानं लाटायची, कडकडीत भाजून सुकवायची आणि महिनोन्‌महिने कोरडी साठवायची. खायच्या आधी पाणी शिंपडून ओल्या फडक्यात ठेवली की मऊ होते. वर लोणी-साखर. बाईंनी त्यांचं लाटणं दाखवलं आणि मी ओरडलेच. खाचा अगदी माझ्या लाटण्यासारख्या!

सासरे खूश. 'आमच्या घराण्याबद्दल तुमच्याकडे काही आहे का?' त्यांनी विचारलं.

बाईंनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. बिग्देबोक. नॉर्वेत जवळपास प्रत्येक भागाचा असा ग्रंथ असतो. प्रत्येक शेत, त्यावर कोण राहिलं, कुणाशी लग्न झालं, किती मुलं, कोण कुठे गेलं. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या छापून काढल्या तर कशा होतील, तसं. बाईंनी शेताचं प्रकरण उघडलं. १६०० पासूनचे मालक, एकाखाली एक. त्यांचे स्वतःचे वडील, आजोबा, पणजोबा. बोट खाली खाली सरकत गेलं.

आमचे पणजोबा नव्हते.

बाईंनी पुन्हा एकदा पाहिलं. मग जराशा थांबल्या आणि प्रकरणाच्या अगदी शेवटची पानं उलटली. तिथं बारीक टायपात आणखी एक यादी होती. शीर्षक : हुसमन. तिसऱ्या ओळीत पणजोबांच्या वडिलांचं नाव, आईचं नाव, पाच मुलं. तिसऱ्या मुलासमोर फक्त इतकंच : अमेरिकेला गेला, १८८२.

मालक नव्हे, कूळ

हुसमन म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आपल्याकडे ज्याला कूळ म्हणतात, त्याच्या जवळपासचं. मोठ्या शेताच्या कडेला, डोंगरात, दगडाधोंड्यात एक झोपडीवजा घर आणि जमिनीचा तुकडा कसायला मिळायचा. त्याला म्हणायचे 'प्लास'. बदल्यात मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचं. जमीन आपली नाही, घराचाही भरवसा नाही. पण पत्ता म्हणून चर्चच्या वहीत नाव लागायचं ते मालकाच्या शेताचंच. पेटीवरचं नाव तिथून आलं होतं.

नवऱ्यानं फोनवर नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची वेबसाइट उघडली. तिथं जुन्या जनगणना फुकट पाहता येतात. १८७५ ची जनगणना सापडली. तिच्यात घरातल्या माणसांबरोबर जनावरं आणि पेरणीही नोंदलेली असते. समोर आलं : 'जमीन असलेला हुसमन'. १ गाय, ५ मेंढ्या. पेरणी थोडी बार्ली आणि २ पिंपं बटाटे. सात माणसांचं घर. आमचे पणजोबा तेव्हा बारा वर्षांचे.

सासरेबुवा काहीच बोलले नाहीत. कॉफीचा कप तसाच हातात. मला त्यांच्या दारावरची पाटी आठवली आणि पोटात कालवलं. नॉर्वेत शेतजमिनीवरचा 'ओदेल' हक्क फार मानाचा. घराण्याची जमीन घराण्यातच राहावी म्हणून तो थेट राज्यघटनेत आहे. आधी मोठा मुलगा वारस असायचा, १९७४ च्या कायद्यानं थोरल्या मुलीलाही तो हक्क मिळाला. टेबलापलीकडच्या बाई त्याच हक्कानं मालकीण झाल्या होत्या. आणि टेबलाच्या अलीकडे आम्ही, 'परत आलेले'.

हिशेब तसा सरळ आहे. १८०१ मध्ये नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम पावणेनऊ लाख. १८६५ पर्यंत ती १७ लाखांवर गेली. १८१४ नंतर युद्ध नव्हतं, देवीची लस आली होती आणि आला होता बटाटा! तो लावा म्हणून पाद्री चर्चमध्ये लोकांना सांगत, म्हणून त्यांना 'बटाटा पाद्री' असं नावच पडलं. पोरं जगू लागली, पण जमीन कुठून आणायची? अख्ख्या देशात लागवडीखालची जमीन सुमारे तीन टक्के. बाकी डोंगर, जंगल, बर्फ. आणि समुद्रापलीकडे अमेरिका १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कसणाऱ्याला १६० एकर देऊ करत होती. १८८२ हे स्थलांतराचं सगळ्यात मोठं वर्ष ठरलं. एका वर्षात २८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातला एक आमचा. बटाट्यानं जगवलेला आणि बटाट्यांपलीकडे काही हाती न लागलेला. त्याच्या घरात पुढे लेफ्सेत बटाटा आला, यात मला तरी आता आश्चर्य वाटत नाही.

शांतता मोडली बाईंनीच. 'मला थोडं अवघडल्यासारखं होतंय,' त्या म्हणाल्या. 'माझ्या पणजोबांनी तुमच्या माणसांना राबवून घेतलं. हुसमनांच्या बायका मोठ्या घरांत भाजणीच्या दिवसांत पोळ्या लाटायला यायच्या. तुमची खापरपणजीही बहुतेक इथं येत असेल. याच घरात.'

सासऱ्यांनी पहिल्यांदा मान वर केली. 'मग तिलाच बघायला जाऊ या,' ते म्हणाले. 'ते घर कुठे होतं?'

जंगलातला रुबार्ब

घर नव्हतंच. अर्धा तास चढण, सफरचंदाच्या बागा संपल्या, बर्च आणि स्प्रूसचं जंगल सुरू झालं. बाई पुढे, हातात काठी. 'गेली शंभर वर्षं इथं कुणी राहत नाही,' त्या म्हणाल्या. मग एका ठिकाणी थांबून त्यांनी काठीनं दाखवलं. 'बघा, रुबार्ब.'

झाडांच्या मध्ये, हत्तीच्या कानाएवढी हिरवी पानं आणि लालचुटूक देठ. शेजारी लाल करंटचं एक रानवट झुडूप. 'जंगलात रुबार्ब दिसला की समजायचं, इथं घर होतं. तो आपण होऊन इथं येत नाही, कुणीतरी लावावा लागतो. घर पडतं, माणसं जातात, तो मात्र राहतो.'

पानं बाजूला केली तेव्हा दगडी जोत्याच्या दोन ओळी दिसल्या. आमच्या डोंबिवलीच्या वन रूम किचनएवढं घर! त्यात सात माणसं. पुढे उतारावर दगडांचे ढीग. शेत करायचं म्हणून वेचून काढलेले. एकेक धोंडा हातानं. सासरेबुवा त्या ढिगापाशी बराच वेळ उभे होते. मग त्यांनी एक दगड उचलला, पुन्हा जागच्या जागी ठेवला.

'एक कंद नेऊ का?' त्यांनी हळूच विचारलं. बाईंची ना नव्हती. पण नवरा म्हणाला, 'डॅड, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेत मुळं न्यायला परवानगी नाही.' सासऱ्यांनी नुसतीच मान डोलावली.

बाईंनी चार देठ मोडून घेतले, विषारी असतात म्हणून पानं तिथंच टाकली. खाली किचनमध्ये आल्यावर देठ धुतले, एका कपात साखर ओतली आणि कच्चा देठ साखरेत बुडवून कचकन चावा घेतला. 'लहानपणी आम्ही असंच खायचो.'

सासरे बघतच राहिले. 'आम्हीपण!' ते म्हणाले. 'अगदी असंच. आई कपात साखर द्यायची आणि म्हणायची, जा बाहेर.'

मी पण एक देठ खाल्ला. अहाहा! आपण कैरीला तिखट-मीठ लावतो, तो प्रकार. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांच्याही आलं होतं. त्यांनी ते रुबार्बवर ढकललं. आम्हीही काही विचारलं नाही.

डोंबिवलीला फोन

त्या रात्री हॉटेलच्या बाल्कनीतून मी बाबांना फोन लावला. रात्रीचे दहा वाजले तरी बाहेर उजेड. डोंबिवलीत पहाटेचे दीड. बाबा घाबरले, 'काय झालं गं?'

'काही नाही. एक विचारायचंय. आपल्या आडनावाचं ते रत्नागिरीतलं गाव. आपण तिथले कोण होतो?'

लहानपणापासून ऐकलेलं उत्तर मला पाठ होतं. 'आपलं तिथं मोठं प्रस्थ होतं.' ते गाव मी कधी पाहिलेलंच नाही. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'खोतांची जमीन होती. आपण कुळं. पीक खोताकडे घालून उरलं तर आपलं. तुझे आजोबा गिरणीत आले ते त्यामुळेच. पुढे ४८ साली कुळकायदा आला, खोती गेली, पण तोपर्यंत आपलं तिथं कुणी उरलंच नव्हतं.'

'मग प्रस्थ?'

'तुला काय सांगायचं होतं मग? पोरांना असंच सांगतात.'

मी हसले, तेही हसले. त्यांच्या आवाजात इतक्या वर्षांनी काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. 'पुढच्या वेळी आलीस की जाऊ या,' ते म्हणाले. 'घर नसेल. पण आजी सांगायची, दारात फणस होता.'

पाटी

मिनेसोटाला परतल्यावर आठवडाभरानं आम्ही सासऱ्यांकडे जेवायला गेलो. दारावर पाटी नव्हती. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. सासरे गॅरेजमध्ये होते. पाटी टेबलावर, हातात पटाशी. 'गार्ड' शब्द त्यांनी तासून काढला होता आणि त्या जागी 'प्लास' कोरत होते. खाली एक नवीन ओळ : १ गाय, ५ मेंढ्या, २ पिंपं बटाटे.

'आता कुणी विचारलं, तर सांगायला जास्त आहे,' एवढंच म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांनी आजेसासूबाईंचा रुबार्ब खणला. कंद फावड्यानं दोन केले, प्रत्येकावर दोन-तीन डोळे राहतील असे. अर्धा परत लावला, अर्धा ओल्या कागदात गुंडाळून आमच्या नव्या घरी घेऊन आले. हा त्याच डोंगरातून आलेला रुबार्ब, असं मी मुळीच म्हणणार नाही. मिनेसोटात रुबार्ब घरोघर आहे आणि हा कुणी, कुठून आणला ते माहीत असलेलं माणूस आता हयात नाही. एवढंच खरं, की आजेसासूबाईंना तो त्यांच्या सासूनं दिला होता.

भरपूर शेणखत घातलं, डोळे जमिनीच्या जरासे खाली ठेवले. हिवाळाभर त्यावर दोन फूट बर्फ. रुबार्बला ती थंडी लागतेच, म्हणून तो आपल्या मुंबई-पुण्यात रुजणं कठीण. बर्फ वितळला आणि एका सकाळी लालबुंद कोंब वर आला. मी फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. लगेच फोन.

'या वर्षी एकही देठ तोडायचा नाही,' त्यांनी बजावलं. 'पहिलं वर्ष मुळांचं असतं.'

साखरेचा कप मी पुन्हा कपाटात ठेवून दिला.

जायचंय?

कधी : मोहोर बघायचा असेल तर मेचा उत्तरार्ध. सफरचंदं खायची असतील तर सप्टेंबर.

कसं : शेंगेन व्हिसा लागतो. युरोपातल्या मोठ्या विमानतळावर विमान बदलून बर्गेन गाठा. पुढे गाडी किंवा बस. वाटेत फेरीनं फ्योर्ड ओलांडण्याची मजा चुकवू नका.

काय पाहाल : उत्ने इथलं हार्डांगर लोकजीवन संग्रहालय, जुन्या घरांचा अख्खा पुंजका जपलेलं आगातुने, लोफ्टहूसच्या मुनींच्या पायऱ्या.

काय खाल, प्याल : क्रोताकाके, ब्रूनोस्त, रोमेग्रोट. आणि बागांमध्येच मिळणारी सफरचंदाची सायडर. 'हार्डांगरची सायडर' या नावाला २००९ पासून कायद्याचं संरक्षण आहे.

पूर्वज शोधायचे असतील तर : माणसाच्या नावाबरोबर शेताचं नाव हवंच. आणि बिग्देबोक हातात आला, की मालकांच्या यादीवर थांबू नका. शेवटची पानंही उलटा.